डावी कात्री

मास्तरांचा डावा हात खिशातून बाहेर निघत नव्हता. एरवी त्या हाताला क्षणाची उसंत नसायची. खडू नसला तर टेप, टेप नसली तर कुणाच्या तरी खांद्यावरचा दोरा. आज मात्र सगळं घर कापणीच्या टेबलाभोवती जमलं, धाकट्या भावाने कागद पसरले, बहिणीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तरी तो हात फोन धरून खिशातच बसला होता. ही गोष्ट फक्त सुनेच्या लक्षात आली.

शिवणाच्या दुकानाला सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढलेलं, त्याखालून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसत होते. या घरात काही ठरवायचं असलं की सगळे खाली दुकानातच येत, कारण वरच्या तीन खोल्यांत एवढं मोठं टेबल कुठेच मावलं नसतं. याच टेबलावर लग्नं ठरली होती, वाटणीची भाषा निघून मोडली होती आणि दोनदा अबोला सुरू झाला होता.

"उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय," धाकटा भाऊ म्हणाला. त्याने बत्तीस वर्षं विमा विकला होता, त्यामुळे घरात त्याला विमावाले हेच नाव पडलं होतं. त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की धडधाकट माणसालाही आपलं काही खरं नाही असं वाटायला लागे. "एकाला औषधांच्या दुकानासाठी आपली जागा हवीय. भाडं चांगलं देतोय. दादा बहात्तरचा झाला. शटर उघडताना धाप लागते त्याला. मी उगाच सांगतोय का?"

"आणि माझं काय?" टाचणी म्हणाली. ही मास्तरांची नात, सुनेची मुलगी. अंगाने बारीक, जिभेने तीक्ष्ण, म्हणून टाचणी. दोन वर्षं ती आजोबांच्या शेजारी उभी राहून कापणी शिकत होती, आणि आजोबांसारखीच डावरी होती.

"तू शीक की. शिकायला कोण नको म्हणतंय? पण दुकान तिघांचं आहे. दादाचं, ताईचं, माझं. शिकाऊ पोरीच्या भरवशावर ते चालत नाही."

त्याची ताई, म्हणजे टाचणीच्या बाबांची आत्या, नुसती ऐकत होती. ती निवृत्त परिचारिका होती आणि रुग्णाची नाडी मोजावी तशी समोरच्याचं बोलणं मोजत बसायची. तिचं मत ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते कुठे पडणार याचाही अंदाज होता. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, गेल्यापासून आत्या सुनेशी कामापुरतंच बोलायची, आणि दुकान टाचणीला म्हणजे शेवटी सुनेच्याच घरात जाणार, हे तिला रुचलेलं नव्हतं.

सून चहा टाकायला मागच्या खोलीत गेली. पाठोपाठ मास्तर आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुझं ते मोठं मशीन दे जरा. लॅपटॉप. पाचच मिनिटं."

"आत्ता?"

"आत्ताच. फोनवर आकडे बारीक दिसतात. चूक व्हायला नको." त्यांनी शेवटी हात बाहेर काढला आणि फोन तिच्यापुढे धरला. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता. "हे बघ. कुणाला सांगू नकोस. आज सगळ्यांसमोर टाचणीला सांगणार होतो."

पडद्यावर एका म्हाताऱ्या शिंप्याचा फोटो होता. डाव्या हातात लांब, काळी, घडीव कात्री. खाली लिहिलं होतं की तीन पिढ्यांचं हे दुकान आता बंद होत आहे, मुलांना यात रस नाही, मालकाचे डोळे थकले आहेत, उरलेली हत्यारं योग्य हातांत जावीत एवढीच इच्छा आहे. त्याखाली लाल आकडे पळत होते. एकेचाळीस मिनिटं, वीस सेकंद. एकोणीस. अठरा.

 असे पळणारे आकडे सुनेने पूर्वी पाहिले होते.

"पैसे भरलेत का तुम्ही?"

"निम्मे मागच्या आठवड्यात भरले. आता पार्सल अडकलंय म्हणे. थोडी अनामत भरली की सुटेल. अनामत परत मिळते. कार्डाचा नंबर द्यायचा, मग फोनवर कोड येतो, तो टाकायचा."

"त्यांच्याशी बोललात कधी? फोनवर?"

"फोन नाहीये त्यांच्याकडे. लिहून बोलतात. काय अदब आहे गं लिहिण्यात! आपल्या गिऱ्हाइकांना मी इतक्या वर्षांत असं एक पत्र लिहिलं नाही." मास्तर फोटोकडे बघत राहिले. "डावी कात्री आहे ही. खरी डावी. पातं उलट्या बाजूला. उजव्या कात्रीने डाव्या हाताने कापायचं म्हणजे खडूची रेघ पात्याखाली जाते, कापड दुमडतं. पोरीचं मनगट बघितलंस का, कसं सुजतं? माझी एक आहे, ती वडिलांनी करवून घेतलेली. दुसरी मी तीस वर्षं शोधतोय. आणि हा माणूस आपल्यासारखाच डावरा, आपल्यासारखंच दुकान, आपल्यासारखंच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

चहा उतू गेला. सुनेने गॅस बंद केला.

"बाबा, थांबा. हे दुकान नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे असं दुकान कुठे नसेलच. हे पैसे भरू नका."

"तुला कसं कळलं?"

तिने सांडलेला चहा पुसायला घेतला. कसं कळलं ते सांगायला तिला एक अख्खं वर्ष उघडं करावं लागलं असतं, आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नवरा जहाजावर होता, आठवड्यातून एकदा फोन यायचा, त्यात सगळं ठीक आहे एवढंच मावायचं.

"संशय घ्यायची सवय लागलीय तुम्हा सगळ्यांना," मास्तर म्हणाले. "म्हातारा माणूस दुकान बंद करतोय, त्याची हत्यारं घ्यायला कुणी नाही, तर त्यातही तुम्हाला चोर दिसतो."

दार उघडलं. विमावाले बिस्किटांचा डबा शोधायला आले होते.

*

विमावाल्यांना त्या दिवशी कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. थोरल्या भावाने शिवलेल्या शर्टावर ते शाळा शिकले, पहिल्या नोकरीचा कोटही त्यानेच रात्रपाळीसारखं बसून शिवला. तो कोट घातला म्हणून पहिल्याच महिन्यात साहेबांनी नावानिशी ओळखलं, असं ते अजून सांगत. फक्त भावाला शटरशी झटापट करताना पाहिलं की त्यांना भीती वाटे, आणि भीती वाटली की त्यांची जीभ सुटे.

"काय भरायचंय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन बघितला. "दादा! अरे, हे बनावट आहे. शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

"आवाज खाली."

"कशाला खाली? ताई, इकडे ये. बघ. मी म्हणतो तेव्हा तुम्हाला मी कावळ्यासारखा वाटतो. हे बघ! आपले मास्तर इंटरनेटवरच्या कुठल्या तरी भामट्याला पैसे देऊन बसलेत आणि आता आणखी द्यायला निघालेत. कार्डाचा नंबर, कोड, सगळं! याच माणसाच्या हातात आपण तिघांचं दुकान ठेवायचं?"

सगळे परत टेबलापाशी आले. आत्याने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. टाचणी आजोबांकडे बघत होती. मास्तर कुणाकडेच बघत नव्हते.

"दुकानाचे पैसे होते का?" आत्याने विचारलं.

"माझे होते," मास्तर म्हणाले.

"आज तुझे, उद्या दुकानाचे," विमावाले म्हणाले. "आता मतं घ्यायचीही गरज नाही खरं तर. झालं ते झालं. उद्या मी त्या औषधवाल्याला होकार कळवतो."

"गरज कशी नाही?" टाचणी तडकली. "धाकटे आजोबा, तुम्ही मागच्या वर्षी पेट्रोलऐवजी डिझेल भरलंत गाडीत. तेव्हा तुमची गाडी विकायची सभा कुणी बोलावली होती?"

"टाचणे, गप्प," मास्तर म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "तो म्हणतो ते पटतंय मला. फक्त एक आहे. हे बनावट आहे असं तुम्ही सगळे नुसतं म्हणताय. कुणी दाखवत नाही. समजा नसेल बनावट? समजा तिकडे खरंच एक माणूस वाट बघत बसला असेल?" त्यांनी फोन परत घेतला. सव्वीस मिनिटं उरली होती. "मी भरतो. आली कात्री तर ती टाचणीची आणि दुकान चालू. नाही आली तर दुकान तुमचं. हेच माझं मत."

त्यांनी कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. विमावाल्यांना वाटलं होतं, भाऊ ओशाळेल, चिडेल, निदान भांडेल. तो असा जुगार मांडून बसेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना एकदम भीती वाटली आणि जे बोललो ते गिळता आलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

*

आत्याने आयुष्यभर माणसांना बातम्या दिल्या होत्या, त्यामुळे कुणी मोठं काही बोलणार असलं की तिला आधी कळायचं. श्वास बदलतो. सुनेचा श्वास बदललेला तिने ऐकला आणि चष्मा काढून ठेवला.

"मी दाखवते," सून म्हणाली. "पण आधी एक सांगायचंय. आत्या, तुम्हालाच सांगायचंय."

"बोल."

"आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तुम्ही मला हवेची गादी आणायला सांगितली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून."

आत्याचं तोंड मिटलं. हा विषय या घरात कुणी काढत नसे.

"मी सांगितलं होतं की गादी आली, पण फाटकी निघाली, म्हणून परत पाठवली. तसं नव्हतं. गादी आलीच नाही. मी ती एका ऑनलाइन दुकानातून मागवली. निम्म्या किमतीत होती. असेच लाल आकडे पळत होते, शेवटच्या दोन उरल्यात असं लिहिलं होतं. मी पैसे भरले. मग पार्सल अडकलंय म्हणून आणखी मागितले, तेही भरले. नंतर एक दिवस दुकानच उघडेना. पान गायब. मी रोज पहाटे उठून बघायची, परत आलंय का."

"आई," टाचणी म्हणाली आणि थांबली.

"दुसरी गादी आणेपर्यंत अकरा दिवस गेले. तुम्ही मला चिकट म्हणालात. सासूच्या गादीत पैसे वाचवले म्हणालात. मी ऐकून घेतलं, कारण मूर्ख म्हणवून घेण्यापेक्षा चिकट परवडलं. आणि स्वस्त शोधली हे तर खरंच होतं." ती रडत नव्हती. कापड मोजून द्यावं तसं एकेक वाक्य देत होती. "आज बाबा जे करताहेत ते मी केलंय. दोनदा. मी चाळीस वर्षांची, पदवीधर, शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी. तेव्हा वय झालं म्हणून माणूस फसतो असं धाकट्या काकांनी म्हणू नये. हवं असलेलं दिसलं की माणूस फसतो."

शटरबाहेरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. आत्याला ते अकरा दिवस आठवले. कापूस, गरम पाणी, वहिनीचं न कण्हणं. त्या प्रत्येक दिवशी तिने मनातल्या मनात या मुलीला शिव्या दिल्या होत्या आणि त्या शिव्यांनी तिला बळ आलं होतं. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं. आला नाही. 

"जखमा आधीच झाल्या होत्या," ती म्हणाली.

"काय?"

"मी गादी सांगितली त्याच्या आदल्या दिवशी पाठ बघितली होती मी. सुरुवात झालेली होती. उशीर मला झाला. मी परिचारिका, मला आठवडाभर आधी सुचायला हवं होतं. गादी वेळेवर आली असती तरी फार फरक पडला नसता." तिने चष्मा परत लावला, काढला. "मला कुणावर तरी राग काढायचा होता. तू समोर होतीस. पोरी, मी चुकले."

 मग आत्या उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि सुनेच्या शेजारच्या स्टुलावर बसली. दोन वर्षांत ती त्या बाजूला बसली नव्हती. विमावाल्यांनी पुढ्यातले कागद उगाच सरळ केले.

"आता दाखव," आत्या म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना दाखव. मलाही शिकू दे."

*

लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवला. मास्तरांनी खुर्ची ओढली नाही, उभेच राहिले. त्यांच्या कानात अजून सुनेचं बोलणं घुमत होतं. ही मुलगी इतके दिवस एकटी बसली होती आणि आपण वरच्या खोलीत तिच्या हातचा चहा पीत होतो, हे त्यांना पुन्हा पुन्हा टोचत होतं.

सुनेने पानावर दिलेला दुकानाचा पत्ता शोधला. नकाशावर त्या जागी गाड्या धुवायची शेड निघाली. मग टाचणीने कुठून तरी काढलं की हे पान इंटरनेटवर येऊन एकोणीस दिवस झालेत.

"तीन पिढ्या," विमावाले म्हणाले, "एकोणीस दिवसांत. फारच लवकर लग्नं केली असणार."

कुणीच हसलं नाही म्हणून ते स्वतःच थोडं हसले.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचले. चौघांनी एकच वाक्य लिहिलं होतं, की माझ्या पतीला ही भेट फार आवडली. त्यांतल्या एका गिऱ्हाइकाच्या फोटोत भरघोस मिशा होत्या. माल परत करण्याचे नियम उघडले तर त्यात लिहिलं होतं, साबणाचं वेष्टन फोडलं असल्यास परत घेतला जाणार नाही.

"कुठला साबण?" आत्याने विचारलं.

"दुसऱ्या कुणाचे तरी नियम उचललेत. वाचायचेही कष्ट घेतले नाहीत," सून म्हणाली. "आणि हे बघा, माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय नाही. आधी पैसे, तेही थेट खात्यात. खरं दुकान इतकी घाई करत नाही, बाबा. तुम्ही कधी गिऱ्हाइकाच्या मागे घड्याळ घेऊन उभे राहिलात का?"

मास्तरांनी मान हलवली. पण डोळे फोटोवरच होते. "पण हा माणूस?" ते म्हणाले. "माणूस तर खरा आहे. हात बघा ना. ज्याने आयुष्यभर कात्री धरलीय त्याचाच हात आहे हा. अंगठ्याखालचा घट्टा बघा."

टाचणीने फोटो मोठा केला. म्हातारा शिंपी पडदाभर झाला. मास्तर वाकले. आजवर त्यांनी हा फोटो तळहाताएवढा पाहिला होता आणि त्यातही फक्त कात्रीच पाहिली होती. आता त्यांची नजर सवयीने माणसाच्या अंगावरच्या कपड्यावर गेली. खांदा चांगला बसलाय. गळपट्टी ठीक. बटणपट्टी...

"थांब," ते म्हणाले.

"काय झालं?"

"जाकीट उलटं आहे."

"उलटं?"

"बटणं डाव्या अंगाला आहेत. पुरुषाची बटणं उजव्या अंगाला, काजं डाव्या अंगाला. बायकांची उलट. आणि छातीचा खिसा बघ, उजवीकडे आलाय." त्यांचं बोट पडद्यावर सरकलं. "मागे भिंतीवर कोट टांगलेत. एक, दोन, तीन, चार. चारही तसेच. एका कोटात शिंपी चुकेल. चारांत?"

 टाचणीने दोन कळा दाबल्या आणि फोटो आरशात पाहावा तसा फिरला. बटणं जागेवर गेली. खिसा डाव्या बाजूला आला. टेबलावर पसरलेल्या टेपवरचे आकडे, जे आधी नुसते किडेमुंग्या वाटत होते, ते सरळ वाचता आले. आणि म्हाताऱ्या शिंप्याच्या उजव्या हातात एक साधी, उजवी कात्री होती.

"फोटो चोरलाय," सून हळूच म्हणाली. "चोरलेला ओळखू येऊ नये म्हणून उलटा करून लावतात."

मास्तर खाली बसले. पन्नास वर्षांत बटणाची बाजू त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. विमावाल्यांच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मित्राला मांडवातून बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझा कोट बहिणीचा आहे. आणि इथे एक जाकीट आणि चार कोट उलटे असताना त्यांना एक डावा हात तेवढा दिसला. त्यांना आधी लाज वाटली, मग हसू आलं. ते हसायला लागले तसं त्यांचं पोट हलायला लागलं आणि चष्म्याआडून पाणी आलं.

"बनावट आहे," ते म्हणाले. "आता मी सांगतो. बनावट आहे." त्यांनी कार्ड उचलून सुनेच्या हातात ठेवलं. "काय करायचं ते कर."

तिने बँकेला फोन लावला आणि कार्ड थांबवलं. बँकेतल्या बाईंनी पलीकडून सांगितलं की गेलेले पैसे परत येतील याची खात्री नाही, पण पानाचे आणि सगळ्या संदेशांचे फोटो काढून ठेवा, काही पुसू नका, आणि उद्या सकाळीच तक्रार नोंदवा. पडद्यावरचे लाल आकडे शून्यावर आले. सगळे बघत होते. मग ते आकडे पुन्हा एकेचाळीस मिनिटांवर गेले आणि पळायला लागले.

"बघ, किती उदार आहेत," आत्या म्हणाली. आता मात्र सगळे हसले.

मास्तर उठले. खणातून त्यांनी त्यांची कात्री काढली, कापडात गुंडाळलेली, आणि टाचणीपुढे ठेवली.

"आजोबा, ही तुमची आहे."

"खरं सांगू? तुला नवी घेत होतो ना, ती काही नुसती तुझ्यासाठी नव्हती. ही सोडवत नव्हती मला. तुला नवी मिळाली असती म्हणजे ही माझ्याकडे राहिली असती." त्यांना हे बोलणं जड गेलं, पण सुनेचं ऐकल्यावर एवढं तरी बोलायलाच हवं होतं. "उद्यापासून मी खडू मारतो. कापणार तू."

टाचणीने कात्री उचलली नाही. नुसता हात ठेवला तिच्यावर.

"औषधवाल्याला काय सांगायचं?" आत्याने धाकट्या भावाला विचारलं.

"तूच सांग. तुझं मत कुठे?"

"माझं मत या पोरींकडे. दोघींकडे."

विमावाल्यांनी कागद गोळा केले, घडी घातली आणि खिशात ठेवले. "मग दोनास एक झालं. मी उगाच एकटा कशाला राहू?" ते म्हणाले. मग भावाजवळ जाऊन पुटपुटले, "दादा, मी वाईट बोललो."

"वाईट बोललास," मास्तर म्हणाले. "पण वेळेवर बोललास. तू आत आला नसतास तर मी कोड टाकून मोकळा झालो असतो. आता शटरचं काय ते बघ. तेल घालायला येत असेल तर घाल."

मास्तरांकडून सुनेचे आभार मानायचे मात्र राहिले. घरच्या माणसाचे आभार मानायची रीत त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि चांगला झालाय म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातल्या तक्रार नोंदवायच्या खोलीत दोन बाकं होती आणि दोन्ही भरलेली होती. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. एक तरुण मुलगा मोबाइलच्या खोक्यातून निघालेली वीट पिशवीत घेऊन आला होता. एक बाई कुणाला तरी फोनवर सांगत होती की मी बँकेत आहे. बहुतेक जण खाली बघत होते. मास्तरांना वाटलं, घरी कुणी नसतं तर लाजेने मी इथे आलोच नसतो.

त्यांचा नंबर आला. टेबलामागे एक पोलीस बाई बसली होती. तिने भराभर प्रश्न विचारले, सुनेने काढून आणलेले कागद लावून घेतले, शेवटी मास्तरांची सही घेतली. डाव्या हाताची सही बघून ती हसली.

"झालं, आजोबा. काही कळलं की कळवू."

मास्तर उठले नाहीत. "अजून एक तक्रार आहे. हिची."

सून दचकली. "बाबा, नको. दोन वर्षं झाली त्याला. काही मिळायचं नाही आता."

"मिळायला नाही. लिहिलेलं असू दे."

"दोन वर्षं?" पोलीस बाईने पेन थांबवलं. "इतका उशीर का केलात?"

सुनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सोडलं. "लाज वाटत होती," ती म्हणाली.

पोलीस बाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, नवा कागद घेतला आणि लिहायला लागली. दुकान कुठलं. काय मागवलं. हवेची गादी. कुणासाठी. सासूबाईंसाठी. मास्तर ऐकत होते. सासूबाई म्हणजे त्यांची बायको. या मुलीने तिच्यासाठी केलेली धडपड पहिल्यांदाच कुठेतरी लिहिली जात होती.

"आणखी काही सांगायचंय?" पोलीस बाईने विचारलं.

"मला सांगायचंय," मास्तर म्हणाले. "हिला स्वतःच्या वेळी लाज वाटली. पण काल मी त्याच खड्ड्यात पडत होतो तेव्हा ती सगळ्या घरासमोर उभी राहिली आणि स्वतःचं सगळं सांगून बसली. माझ्यासाठी. माझं दुकान, माझी अब्रू, माझी नात, सगळं तिने वाचवलं. तेही लिहा."

सून जमिनीकडे बघत होती. बाकावरचे दोघे-तिघे आता मान वर करून बघायला लागले होते.

"आजोबा, ते कुठे लिहू?" पोलीस बाई म्हणाली. "त्याला यात रकाना नाही."

"मग मागच्या बाजूला लिहा," मास्तर म्हणाले. "मी सही करतो."